पोट्ट्यांच्या मैदानासाठी वर्गणी: नागपुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांना

वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची कबड्डी, रविवारचा फुटबॉल, उन्हाळी शिबिर किंवा एखादी अभ्यासिका सुरू करायला फारसं काही लागत नाही. चार उत्साही माणसं आणि एक मोकळी जागा पुरते. हे सगळं दुसऱ्या वर्षी चालू ठेवायला पैसा लागतो, आणि तो पहिल्यांदा मागायचा त्याच मुलांच्या घरी.

नागपुरात वर्गणी कोणाला नवीन नाही. गणपती, शारदोत्सव, दुर्गा, भीमजयंती, रामनवमीची शोभायात्रा. वर्षभर कोणी ना कोणी पावती पुस्तक घेऊन फाटकाशी उभंच असतं. पण उत्सवाची वर्गणी आणि मुलांच्या उपक्रमाची वर्गणी यांत एक मोठा फरक आहे. मांडवातल्या फलकावर नाव आणि आकडा झळकला की देणाऱ्याला बरं वाटतं. मुलांच्या उपक्रमात तसाच फलक लावला, तर ज्याच्या बापाने शंभर दिले तो पोट्टा दुसऱ्या दिवशी मैदानावर आपसूक मागे सरकून उभा राहतो. म्हणून आमच्याकडे एक नियम पक्का आहे. खर्चाचा हिशेब भिंतीवर. कोणी किती दिले ते खजिनदाराच्या कपाटात. पैशाचा व्यवहार समिती आणि पालक यांच्यातच राहतो, मुलापर्यंत तो पोचत नाही. पुढचं सगळं या नियमाला धरून लिहिलं आहे.

आधी कागद

कंटाळवाणं आहे, पण आधी हेच करायचं. पालकांकडून घेतलेलं शुल्क आणि लोकांकडून गोळा केलेली देणगी या कायद्याच्या नजरेत एकसारख्या गोष्टी नाहीत. तुमच्याच मुलांच्या पालकांनी महिन्याचा खर्च वाटून घेतला तर तो आपसातला मामला. पण पावती पुस्तक घेऊन वस्तीभर, बाजारात फिरायचं ठरवलंत, तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. नोंदणी नसलेल्या मंडळांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी मिळते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. अर्ज ऑनलाइन होतो. समितीचा ठराव आणि सदस्यांची ओळखपत्रं आधीच गोळा करून ठेवा. ही परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशेब सादर करावा लागतो.

पहिलं वर्ष नीट गेलं तर संस्था नोंदवा. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. नोंदणीच्या कामात घाई करून कोणाही ओळखीच्या माणसाचं नाव सातवं म्हणून टाकू नका. पुढे प्रत्येक बदलाला त्याची सही लागते, आणि तो तोवर पुण्याला निघून गेलेला असतो.

बँक खातं समितीच्या नावाचं हवं, दोन सह्यांचं. हे होईपर्यंत मोठी रक्कम घेऊ नका. "तोवर माझ्या फोनपेवर टाका" हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण वर्गणी आणि तुमच्या घरचा किराणा एकाच खात्यात आला की तुम्ही कितीही सरळ असलात तरी ते दाखवता येत नाही.

वर्षाचा खर्च एका पानावर

पालक "कितीक पैसे लागतात?" असं विचारतात तेव्हा त्यांना आकडा हवा असतो. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की जमेल तेवढं म्हणजे पन्नास रुपये. आणि आकडा नुसता सांगून भागत नाही, तो कशाचा हेही दाखवावं लागतं.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. समजा ४० मुलं आहेत, आठवड्यातून पाच दिवस सराव आहे. प्रशिक्षकाचं मानधन महिना ८,००० धरलं तर वर्षाचे ९६,०००. मदतनीस ताई किंवा दादा महिना ३,००० म्हणजे ३६,०००. साहित्य २०,०००. पाण्याचे कॅन, ओआरएस, प्रथमोपचाराची पेटी १२,०००. काटोल, वर्धा, अमरावतीकडच्या स्पर्धांचा प्रवास आणि प्रवेश शुल्क ३०,०००. किरकोळ ६,०००. बेरीज दोन लाख. एका मुलामागे वर्षाला ५,०००, महिन्याला सव्वाचारशेच्या आत.

या पानावर बहुतेक पालकांचं बोट पहिल्या ओळीवर थांबतं. चेंडूला, जाळीला, टी-शर्टला पैसे द्यायला सगळे तयार. माणसाला द्यायचं म्हटलं की कपाळावर आठी. "तो तर शौक म्हणून येते ना जी?" इथे खजिनदाराने नरम पडू नये. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तो पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहून. साहित्याविना खेळ होतो हे त्या पोरांनी दाखवलंच होतं. त्यांचा संघ व्हायला रोज वेळेवर येणारं माणूस लागलं. पालकसभेत मी हे उदाहरण देतो आणि मग मानधनाची ओळ पुन्हा वाचतो.

खेळ कोणता, यावरही खर्च फार बदलतो. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून बुद्धिबळाची चौकशी वाढली आहे. पट आणि घड्याळं एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालतात, मैदानाचं भाडं नाही, उन्हाचा प्रश्न नाही. पैसा कमी आणि खोली उपलब्ध असेल, तर सुरुवात बुद्धिबळाने करायला काहीच हरकत नाही.

रक्कम ठरवताना

सगळ्यांना सारखी रक्कम लावणं दिसायला न्याय्य आणि करायला चुकीचं. आपल्याकडे एकाच गल्लीत मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणारा असतो, ई-रिक्षा चालवणारा असतो आणि चार घरची धुणीभांडी करून पोरं शिकवणारी माउलीही असते. एखाद्या घरची दोन मुलं येतात म्हणून दुप्पट मागितलंत तर धाकटं घरी बसतं, आणि बहुतेक वेळा ती धाकटी मुलगी असते. म्हणून हिशेब मुलागणिक न ठेवता घरागणिक ठेवा.

वरच्या ४० मुलांची समजा ३२ घरं आहेत. महिन्याला १००, ३०० आणि ५०० अशा तीन रकमा छापा आणि घराला आपली आपण निवडू द्या. उत्पन्नाचा दाखला मागू नका, पगार विचारू नका. आठ घरांनी शंभर, चौदा घरांनी तीनशे आणि दहा घरांनी पाचशे निवडले तर महिन्याचे दहा हजार झाले. वर्षाचे एक लाख वीस हजार. म्हणजे साठ टक्के खर्च घरांतूनच निघाला. उरलेले ऐंशी हजार बाहेरून आणायचे, त्याचं पुढे सांगतो.

शंभरही जमत नसलेलं घर असतंच. तिथे पैशाऐवजी काम मागावं. एखादी काकू शिबिराला पन्हं करून देते, कोणी शिलाईवाला जर्सीवर नंबर शिवून देतो, एखादा काका स्पर्धेच्या दिवशी आपली ऑटो आणतो. त्याची नोंद वहीत पैशाइतकीच नीट करा. आणि ज्यांच्याकडून कामसुद्धा होण्यासारखं नाही, त्यांच्याकडे दोन वर्षं काहीच मागू नका. पोरगं येतंय ना, मग झालं.

पालकसभा आणि मग घर

सभा रविवारी संध्याकाळी सहा-साडेसहाला, मैदानावरच. उन्हाळ्यात त्याच्या आधी कोणी येत नाही आणि येऊही नये. तासाभरात संपवा. खर्चाचं पान प्रत्येकाच्या हातात द्या, प्रशिक्षकाला पाच मिनिटं बोलू द्या, बाकी वेळ प्रश्नांना. सभेत एक रुपयाही घेऊ नका. कोणी जोशात उभं राहून "माझ्याकडून दहा हजार लिहा" म्हणालं तर हसून आभार माना आणि "भाऊ, घरी येतो पावती घेऊन" एवढंच म्हणा. त्याच्या शेजारी बसलेला, शंभर द्यायचं ठरवून आलेला माणूस पुढच्या सभेला येतो की नाही, हे तुमच्या त्या एका वाक्यावर ठरतं.

मग घरोघरी जा. दोघांनी जा आणि त्यात एक बाई असू द्या. दुपारी दार वाजवलं तर घरात बहुतेक आईच असते. दोन अनोळखी पुरुष पाहून ती दार अर्धंच उघडते आणि "यांना विचारून सांगते" यावर विषय संपतो. ताई सोबत असली की पाणी येतं, खुर्ची येते आणि पोरीला संध्याकाळी घरी सोडायला कोण येतं, हा खरा प्रश्नही बाहेर पडतो. त्याचं उत्तर नसेल तर वर्गणीचं पुस्तक पिशवीतच राहू द्या.

बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार काकू, मैदानावरून आलो. तुमचा सोहम येतो ना आमच्याकडे."

"हो जी, या ना. पण आताच तर गणपतीची वर्गणी देल्ली, आता कायची?"

"देवाची झाली, आता पोट्ट्यांची. हा कागद पाहा, वर्षाचा खर्च आहे. तीन रकमा आहेत, तुम्हाला जमेल ती. आज नाही दिली तरी चालेल."

"यायच्याशी बोलून सांगतो ना मी."

"सांगा सावकाश. कागद राहू द्या. आणि काकू, हे सोहमजवळ बोलू नका, आम्हीही नाही बोलणार."

शेवटचं वाक्य विसरू नका. मुलाच्या हाती पाकीट पाठवा, मुलाला आठवण द्या, मुलाला रांगेत विचारा, यातलं काहीही करायचं नाही. प्रशिक्षकाला तर वर्गणीची यादी दाखवूच नका. पाचशेवाल्याचा पोरगा संघात आला की लोक बोलणारच. प्रशिक्षकाला यादी माहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल तर बोलणं तिथेच विरतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "खालील पालकांची वर्गणी बाकी आहे" अशी यादी टाकणारे खजिनदार मी पाहिले आहेत. यादी टाकल्या टाकल्या दोघांचे पैसे येतात आणि चौघांची पोरं बंद होतात. ग्रुपवर फक्त सरावाची वेळ, सुट्टी आणि महिन्याचा खर्च. बाकीसाठी एकेकट्याला फोन, तोही एकदाच, संध्याकाळी आठच्या पुढे.

कधी मागायचं

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता सुरू होतात. वह्या-पुस्तकं, गणवेश, व्हॅनवाल्याचा आगाऊ महिना, सगळं तेव्हाच एकदम येतं. जून-जुलैत नवीन काही मागू नका. त्यानंतर पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत-बडग्या, आणि लगोलग गणपती. तेव्हा तर प्रत्येक घराच्या फाटकाशी आधीच कोणी उभं असतं.

तान्ह्या पोळ्याचं वेगळं सांगायला हवं. लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मिळतो. दरवर्षी कोणाला तरी सुचतं की याच मुलांच्या गळ्यात उपक्रमाचा डबा अडकवला तर चांगली रक्कम जमेल. जमेलही. पण तो बोजारा त्यांचा आहे, त्यातून त्यांनी चॉकलेट घ्यावं की भोवरा, तो त्यांचा प्रश्न. आपण त्या दिवशी नुसतं बैल बघायला जावं.

नव्या वर्गणीला आमच्याकडे दोन वेळा मानवतात. एक गुढीपाडव्यानंतर, उन्हाळी शिबिराच्या निमित्ताने. सकाळी साडेपाच ते साडेसात शिबिर, नंतर ऊन उभं राहू देत नाही. दुसरी दिवाळीचा बोनस हाती आल्यावर. महिन्याची वर्गणी पाच ते दहा तारखेत.

रोख, क्यूआर आणि पावती

रोख घ्यावीच लागते. तीनशे रुपये द्यायला स्मार्टफोन काढणारे पुष्कळ आहेत, पण हातातली शंभराची नोट देणारेही आहेत आणि त्यांना "ऑनलाइनच करा" म्हणणं म्हणजे देऊ नका म्हणणं. पावती जागच्या जागी फाडा. अनुक्रमांक, घराचं नाव, रक्कम अंकात आणि अक्षरात, कोणत्या महिन्याची, आणि घेणाऱ्याची सही. स्थळप्रत पुस्तकातच राहते. पावती चुकली तर फाडून टाकू नका, "रद्द" लिहून दोन्ही भाग तिथेच टाचून ठेवा. रोख दोघांनी मोजायची आणि त्याच आठवड्यात बँकेत भरायची. जमलेल्या रोखीतून थेट पाण्याच्या कॅनवाल्याला देऊ नका. आधी खात्यात, मग खात्यातून. किरकोळ खर्चासाठी हजार-पंधराशे वेगळे काढून ठेवले की भागतं.

क्यूआर कोड समितीच्या खात्याचा. तो छापून मैदानाच्या भिंतीवर लावावासा वाटतो, पण लावू नका. वरून कोणी दुसरा कोड चिकटवला तर महिनाभर कळत नाही. पावतीवर किंवा खर्चाच्या पानावर छापा.

उरलेले ऐंशी हजार

आधी जुनी पोरं. तुमच्याकडे खेळून मोठा झालेला, आता बुटीबोरीत किंवा हिंजवडीत नोकरीला लागलेला, हा सगळ्यांत खात्रीचा देणारा. त्याला एका मुलाचा वर्षाचा खर्च, पाच हजार, असा ठोस आकडा सांगा. कोणत्या मुलाचा ते मात्र सांगू नका, त्याने विचारलं तरी. मुलाचा फोटो आणि "याला मदत करा" असला मजकूर बनवून फिरवणं तर अगदीच वर्ज्य. तो फोटो त्याच्या वर्गात पोचायला अर्धा दिवस पुरतो.

परदेशात गेलेल्यांबाबत एक खाचखळगा आहे. ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी त्याची देणगी परदेशीच ठरते आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय ती घेता येत नाही. आपल्याच गल्लीतला असला तरी आधी पासपोर्ट कुठला ते विचारा.

करसवलतीचं आमिष दाखवू नका. ८०जी ची मान्यता नसलेल्या संस्थेच्या पावतीवर वजावट मिळत नाही; मान्यता असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती नाही, आणि नव्या करप्रणालीत तर देणाऱ्याला ती मुळातच नाही.

रविवारी सकाळी मैदानावर तर्री पोह्यांचा स्टॉल लावला तर गर्दी हमखास. पण विकण्यासाठी अन्न करायचं म्हटलं की तात्पुरत्या स्टॉललाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते. त्यापेक्षा वस्तीतल्या पोहेवाल्यालाच बोलवा. नोंदणी त्याची, पातेलं त्याचं, तर्रीचा हात त्याचा. प्लेटमागे ठरलेले पाच-सात रुपये समितीला. आपले पालक भजी तळत बसण्यापेक्षा मुलांचे सामने बघतात, हा वरचा फायदा. लकी ड्रॉची तिकिटं विकायची कल्पना निघेलच. परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे, एवढं सांगून विषय बंद करा.

राजकीय भाऊंचं काय? ते टी-शर्ट देतात, आनंदाने देतात, आणि छातीवर त्यांचा फोटो असतो. घ्यायचं की नाही ते तुमच्या समितीने ठरवावं. माझं मत विचाराल तर चेंडू घ्या, छाती देऊ नका. कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीमागे पहिल्या वर्षी लागण्यात अर्थ नाही, त्याला लागणाऱ्या नोंदण्याच तुमच्याकडे नसतात.

भिंतीवरचा कागद

दर महिन्याच्या दहा तारखेला एक पान. हाताने लिहिलेलं चालतं, उलट बरं. वर मागची शिल्लक, मग एकूण जमा (एकच आकडा, नावं नाहीत), मग खर्चाची एकेक ओळ: "कबड्डीच्या मॅटला पट्टी, सीताबर्डी, ३४० रुपये", "पाणी, २६ कॅन, ७८० रुपये". शेवटी शिल्लक आणि दोन सह्या. बिलांची फाइल सरावाच्या वेळी टेबलावर ठेवा. पहिले तीन महिने एक-दोघं फाइल चाळतील, एखादा पट्टीचं बिल वर धरून "हे इतवारीत स्वस्त मिळते" असंही सुनावेल. त्याला पुढच्या खरेदीला सोबत न्या. असा माणूस समितीत असलेला परवडतो.

पैसे कमी पडले तर तेही याच कागदावर लिहा, आणि काय थांबवणार ते सांगा. आधी बाहेरगावची स्पर्धा थांबते, मग नवीन साहित्य; मानधन सर्वांत शेवटी. मुलांची संख्या कमी करणं हा पर्याय यादीत ठेवूच नका. वर्षअखेर पैसे उरले तर पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढा. उरलेल्या पैशातून पिकनिक काढायचा मोह होतो, पण ते त्यासाठी मागितलेले नव्हते.

खजिनदार बदलताना

दोन वर्षांनी माणूस बदला, चांगला असला तरी. हवाली करायच्या वस्तू: वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, अनुक्रमांक जुळवून, पासबुक आणि चेकबुक, बिलांची फाइल, धर्मादाय कार्यालयाची परवानगी आणि सादर केलेला हिशेब, कामाच्या नोंदींची वही, हातातली रोख मोजून. घरांची यादी नव्या खजिनदाराच्या हाती बंद पाकिटात द्या आणि आपल्या फोनमधली त्याच्यासमोर पुसा. बँकेत सही बदलायला ठरावाची प्रत लागते आणि दोघांनाही शाखेत जावं लागतं. नोकरदार असाल तर शनिवार धरा, दुसरा आणि चौथा सोडून.